बाणावर काय लिहायचं?

नव्या माणसाला आमचं सॉफ्टवेअर बांधण्याचं काम समजावून सांगायचं झालं की मी फळ्यावर चार चौकोन काढते. रिक्वायरमेंट, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग. चौकोनांच्या मध्ये बाण. मग एकेका चौकोनात काय चालतं ते सांगत बसते आणि तास कधी संपतो ते कळत नाही. बाण मात्र बोलता बोलता, हात न थांबता काढून झालेले असतात. त्यांच्याबद्दल कुणी काही विचारत नाही आणि बरीच वर्षं मीही काही सांगत नसे. बाण म्हणजे ‘ह्याच्यानंतर हे’. त्यात सांगण्यासारखं काय असणार?

आता मी बाण आधी काढते आणि त्याच्या अंगावर लिहायला जागा सोडते. हे एका शब्दाने शिकवलं, आणि शिकवताना मला चांगलंच तोंडघशी पाडलं. तो शब्द होता ‘महिना’.

मी तेव्हा बिझनेस ॲनालिस्ट होते, म्हणजे ग्राहकाला काय हवं ते लिहून काढणारी. मासिक सदस्यत्व असलेली एक ऑनलाइन सेवा आम्ही बांधत होतो. रिक्वायरमेंटच्या डॉक्युमेंटमध्ये मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘सदस्यत्वाचं नूतनीकरण नोंदणीच्या तारखेपासून दर महिन्याला आपोआप होईल.’ वाचून बघा. व्याकरण ठीक, अर्थ स्वच्छ, कुणाच्या भुवया उंचावाव्यात असं त्यात काही नाही. ग्राहकाने सही केली, माझ्या मॅनेजरने केली, डिझाइनवालीनेही ‘वाचलं, समजलं’ म्हणून केली. माझा चौकोन संपला.

डिझाइन करणाऱ्या मैत्रिणीने डेटाबेसच्या टेबलात ‘पुढील नूतनीकरण’ असा एक रकाना ठेवला. पैसे वळते झाले की त्या तारखेत एक महिना मिळवायचा आणि जुन्या तारखेच्या जागी नवी लिहायची. सुटसुटीत. सर्व्हरचं काम जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होतं. जावाच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संग्रहात, तारखेत महिना मिळवायची सोय तयारच असते. ३१ जानेवारीत एक महिना मिळवा, तर फेब्रुवारीला ३१ तारीख नाही हे ओळखून ती मुकाट्याने महिन्याच्या शेवटच्या दिवसावर थांबते: २८ फेब्रुवारी. स्क्रीनचं काम जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत होतं. तिथे तारखेचा महिना एकाने पुढे सरकवला की ती खरोखरच ‘३१ फेब्रुवारी’ मोजायला जाते आणि तीन दिवस पुढे सांडून ३ मार्चवर पोचते. दोन्हींचं वागणं ज्याच्या त्याच्या मॅन्युअलमध्ये नीट लिहिलेलं आहे, लपवाछपवी कुठेच नाही. टेस्टरने पंधरा तारखेला नोंदवलेले सदस्य घेतले, सहा महिने पुढे पळवून पाहिले. सगळं हिरवं.

मग ३१ जानेवारीला कुणीतरी सदस्य झालं. त्याला स्क्रीनवर ३ मार्च दिसत होतं आणि पैसे गेले २८ फेब्रुवारीला.

तक्रार एकाची, पण खोदायला लागलो तेव्हा खाली आणखी काही निघालं. पुढची तारीख मागच्या तारखेवरून काढली जात होती, मूळ नोंदणीकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. त्यामुळे ३१ची एकदा २८ झाली की मार्चात २८, एप्रिलात २८, कायमची २८. महिन्याच्या २९, ३० आणि ३१ तारखेला आलेले सगळे सदस्य एका फेब्रुवारीच्या गाळणीतून जाऊन २८ तारखेचे होऊन बसणार होते. आम्हाला ते पहिल्याच फेब्रुवारीत कळलं हे नशीब.

बैठकीला प्रत्येकजण आपापलं डॉक्युमेंट घेऊन आला होता. प्रत्येकावर सह्या होत्या. प्रत्येकजण आपल्या कागदापुरता बरोबर होता.

“महिना म्हणजे काय ते तू लिहिलंच नव्हतंस,” डिझाइनवाली म्हणाली.

“अगं, महिना म्हणजे काय हे लिहायचं असतं?” मी म्हटलं, आणि वाक्य तोंडातून सुटता सुटताच कळलं की हो, लिहायचं असतं. तीस दिवस, की पुढच्या महिन्यातली तीच तारीख? ती तारीखच नसेल तर आधीची की नंतरची? आणि त्याच्या पुढच्या महिन्यात मूळ तारखेवर परत यायचं की नाही? खरं सांगायचं तर यातला एकही प्रश्न मला पडलेला नव्हता. मी काही लपवलं नव्हतं, विसरलेही नव्हते. माझ्या मनात ‘महिना’ म्हणजे कॅलेंडरचं एक पान होतं, आणि पान उलटताना कुणी तारखा मोजत नाही.

बगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीच्या, टिकेटमध्ये ‘मूळ कारण कोणत्या टप्प्यात’ असा एक रकाना होता. निवडायला पर्याय चारच, फळ्यावरचे तेच चार चौकोन. बाणाचा पर्याय नव्हता. आम्ही ‘कोडिंग’ निवडलं. डेव्हलपर त्या दिवशी रजेवर होता.

*

त्यानंतर मी जे मिळेल ते वाचायला घेतलं. टप्प्याटप्प्याने सॉफ्टवेअर बांधण्याचं जे चित्र सगळ्यांच्या डोक्यात असतं, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे चौकोन, ते अमेरिकी सॉफ्टवेअर तज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या निबंधातलं. त्याला ‘वॉटरफॉल’ म्हणजे धबधबा हे नाव रॉइसनी दिलेलं नाही, ते मागाहून चिकटलं. आणि त्या चित्राखाली त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की कल्पना मला पटते, पण ती अशी सरळसोट राबवणं धोक्याचं आहे, अपयशाला आमंत्रण आहे. उरलेला निबंध त्यावरच्या उपायांचा आहे. लोकांनी चित्र उचललं आणि खालची ओळ तिथेच ठेवली.

मला त्यात दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे रॉइस कागदाच्या बाबतीत अजिबात हात आखडता घेत नाहीत. पन्नास लाख डॉलरचं हार्डवेअर विकत घ्यायचं तर तीस पानांचं वर्णन पुरेल, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला १५०० पानं लागतील, असा त्यांचा अंदाज. हे वाचून मी क्षणभर खूश झाले, कारण माझी डॉक्युमेंटं जाडजूड असत. मग वाटलं, माझा ‘महिना’ १५०० पानांतूनही आरामात निसटला असता. जो प्रश्न पडलाच नाही, त्याचं उत्तर पानं वाढवून येत नाही.

दुसरी गोष्ट चित्रांमधली. रॉइस तेच चौकोन पुन्हा पुन्हा काढतात. पहिल्यांदा बाण फक्त खाली जातात. पुढच्या चित्रात प्रत्येक पायरीवरून मागच्या पायरीवर परत येणारे बाण दिसतात. त्याच्या पुढच्यात ते मागच्या पायरीवर थांबायला तयार नाहीत, टेस्टिंगवरून थेट डिझाइनकडे आणि डिझाइनवरून रिक्वायरमेंटकडे उड्या मारतात. म्हणजे चौकोन तेच राहतात आणि बदलत जातात ते बाण! माझ्या डोळ्यांना हे दिसायला ‘महिना’ नावाचा फटका खावा लागला.

दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात त्या जागेसाठी इंटरफेस हा शब्द आपण सगळेच वापरतो. पण या जागेला मला ‘सांधा’ हा शब्द जास्त आवडतो. सुताराचा सांधा, रुळांचा सांधा, गुडघ्याचा सांधा. धड असतो तोवर तो आहे हे आठवतही नाही. आणि पायऱ्या चढताना गुडघ्याच्या जागी नेमकं काय असतं हे दुखायला लागल्यावरच कळतं.

*

पुढे मला प्रोसेस टीममध्ये घेतलं. बहुधा बैठकीत फार बोलले म्हणून. आमचं काम होतं एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना काय तपासायचं ते ठरवणं.

कल्पना नवी नव्हती. आयबीएममध्ये मायकेल फेगन यांनी डिझाइन आणि कोडच्या तपासणीची शिस्तशीर पद्धत बसवली आणि १९७६मध्ये ती छापून आली. एखादा टप्पा ‘झाला’ असं म्हणायच्या आधी काय काय पुरं व्हायला हवं, हे त्यात स्पष्ट अटींत मांडायचं असतं. पुढे १९८५मध्ये आयबीएमच्याच लोकांनी हे आणखी नेटकं केलं: प्रत्येक कामाला चार बाजू, आत यायच्या अटी, प्रत्यक्ष काम, पडताळणी आणि बाहेर पडायच्या अटी. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘ईटीव्हीएक्स’ म्हणतात. मांडणी मला अजूनही सुंदर वाटते. एकाच्या बाहेर पडायच्या अटी दुसऱ्याच्या आत यायच्या अटींशी जुळल्या की सांधा बसला.

आम्ही त्याची चेकलिस्ट केली. बावीस प्रश्न. मुखपृष्ठावर आवृत्ती क्रमांक आहे का? परिशिष्टं जोडली आहेत का? परीक्षणातल्या सर्व नोंदी बंद केल्या आहेत का? लोक ती मन लावून भरत, हँडओव्हरच्या पाच मिनिटं आधी. एकदा मला एक भरलेली यादी मिळाली, तिच्यात बावीसच्या बावीस प्रश्नांपुढे ‘लागू नाही’ लिहिलं होतं. शेवटचा प्रश्न होता, ‘ही यादी पूर्ण भरली आहे का?’ त्याच्यापुढेही.

मी त्या माणसावर चिडले नाही. त्याचं म्हणणं खरंच होतं, ती यादी त्याला लागू नव्हती. देणाऱ्याने आपला कागद नीटनेटका केला आहे की नाही, एवढंच ती विचारत होती. घेणाऱ्याला उद्या सकाळी काम सुरू करताना काय माहीत असायला हवं, याबद्दल बावीस ओळींत एक अक्षर नव्हतं. आत यायच्या अटी म्हणजे खरं तर घेणाऱ्याचा ‘नाही’ म्हणायचा हक्क. आमच्याकडे तो कागदावर होता. पण रिलीजची तारीख आधीच जाहीर झालेली असताना कोण म्हणणार, की मला हे डिझाइन घेता येत नाही?

कागद व्यवस्थित आहे म्हणजे अर्थ पोचला असं समजण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचं उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ला मंगळाजवळ पोचलं आणि हरवलं. यानाचे छोटे धक्के मोजणारी जमिनीवरची एक प्रणाली आकडे पौंड-सेकंदात देत होती, मार्ग काढणारी दुसरी प्रणाली ते न्यूटन-सेकंदात समजून घेत होती. फरक ४.४५ पटींचा. यान पृष्ठभागापासून २२६ किलोमीटरवरून जायला हवं होतं, ते साधारण ५७ किलोमीटरवरून गेलं असावं असा नंतरचा हिशोब आहे.

ही गोष्ट नेहमी ‘एककांचा घोळ’ म्हणून सांगतात आणि हसून सोडून देतात. मला तिच्यातले दोन तपशील झोप उडवणारे वाटतात. त्या दोन प्रणालींमधल्या इंटरफेसचं डॉक्युमेंट अस्तित्वात होतं, आणि त्यात मेट्रिक एककंच वापरायची असं लिहिलेलं होतं. सांध्याची व्याख्या झालेली होती, बरोबरही होती. फक्त बाहेर पडणारा आकडा त्या व्याख्येशी कुणी ताडून पाहिला नाही. आणि दुसरा: उड्डाणानंतरचे पहिले चार महिने त्या फाइली वापरताच आल्या नव्हत्या, कारण त्यांच्या मांडणीत चुका होत्या. लोकांनी मांडणी दुरुस्त केली, फाइली उघडू लागल्या, आकडे जाऊ-येऊ लागले. मांडणी सुधारली की सगळ्यांनाच हायसं वाटतं. माझ्या बावीस प्रश्नांना नेमकं हेच हायसं वाटणं हवं होतं.

*

मला वाट दाखवली ती संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांच्या एका विचाराने. ते बोलत होते प्रोग्रॅमच्या तुकड्यांबद्दल, टप्प्यांबद्दल नव्हे. १९७१च्या एका निबंधात ते म्हणतात, की दोन तुकड्यांमधला संबंध म्हणजे त्या तुकड्यांनी एकमेकांविषयी धरलेली गृहीतकं. त्यांच्यामधून काय जातं-येतं, एवढ्यावर तो संबंध संपत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली आणि ती पुष्कळ गाजली: फ्लोचार्ट समोर ठेवून ‘आधी हे, मग ते’ अशा पायऱ्यांनुसार प्रोग्रॅमचे तुकडे करू नका. जे निर्णय अवघड आहेत किंवा पुढे बदलतील असे आहेत, त्यांची यादी करा आणि प्रत्येक निर्णयाला एकेक घर द्या. तो निर्णय त्या घराबाहेर कुणाला माहीत असायची गरज पडू नये.

आता आमचं काय होतं ते बघा. आमची पद्धतच मुळी फ्लोचार्ट. आधी रिक्वायरमेंट, मग डिझाइन, मग कोड. ते टाळताही येत नाही, माणसं काळाच्या ओघातच काम करतात. पण त्यामुळे निर्णयांना घर राहत नाही. ‘महिना म्हणजे काय’ हा एकच निर्णय आमच्याकडे तीन ठिकाणी घेतला गेला. टेबलाच्या रकान्यात, सर्व्हरवर आणि स्क्रीनवर. आणि तिघांपैकी एकालाही आपण काही ठरवतोय याची कल्पना नव्हती. डिझाइनवालीला वाटलं ती फक्त माझं वाक्य टेबलात उतरवतेय. डेव्हलपरला वाटलं तो फक्त लायब्ररी वापरतोय.

तेव्हा बाणावर काय लिहायचं, तर कोण काय ठरवतंय ते. आम्ही चेकलिस्ट बंद केली (मीच केली, तेवढी सत्ता होती) आणि एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जाताना एकच पान द्यायचं ठरवलं. त्याला तीन रकाने. पहिला, ‘ठरलं’. दुसरा, ‘तुम्ही ठरवा’. तिसरा, ‘कुणीच ठरवलेलं नाही’.

पहिला रकाना सगळ्यांना भरता येतो. तो म्हणजे जुन्या डॉक्युमेंटचाच अर्क.

दुसऱ्याने मला माझ्याबद्दल एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली. माझ्या डॉक्युमेंटमध्ये बटणं कुठे असावीत, यादीत किती ओळी दिसाव्यात, चूक दाखवणारा संदेश लाल असावा, हे सगळं ‘ठरलं’मध्ये होतं. टेम्प्लेटमध्ये जागा होती म्हणून मी ती भरली होती. म्हणजे ज्यातलं मला काही कळत नाही ते मी ठरवून टाकत होते आणि जे फक्त मीच ठरवू शकले असते ते मोकळं सोडत होते. त्यातल्या पुष्कळ ओळी उचलून ‘तुम्ही ठरवा’त टाकल्या तेव्हा डिझाइनवालीने ते पान दोनदा वाचलं. “हे खरंच मी ठरवू?” तिने विचारलं. आठ वर्षं ती हेच काम करत होती.

तिसरा रकाना अवघड. पहिल्या तीन वेळा तो कोराच आला. कोऱ्या रकान्याचा अर्थ शंका नाहीत असा नव्हता, जेवणाच्या सुट्टीत त्या भरपूर ऐकू यायच्या. पण सहीला जाणाऱ्या कागदावर ‘माहीत नाही’ लिहिलं की अभ्यास कच्चा दिसतो, आणि अभ्यास कच्चा दिसलेला माणूस पुढच्या वेळी लक्षात राहतो. चौथ्या वेळी मीच एक ओळ लिहिली: ‘सदस्य वारला तर खातं कोण आणि कसं बंद करणार, मला माहीत नाही.’ दोन दिवसांनी त्याच्याखाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात ओळ आली. मग तिसरी.

मॅनेजर म्हणाले, “इतक्या शंका घेऊन पुढच्या टप्प्यात कसं जाणार?”

“सर, शंका दरवेळी जातच होत्या. न लिहिता जात होत्या,” मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण पानावर सही झाली.

असं सांगितलं की सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं. तसं झालं नाही. एका प्रकल्पात तिसरा रकाना साठ ओळींचा झाला, कारण लोकांना कळलं की निर्णय टाळायची ही छान जागा आहे. साठ ओळी कोण वाचतो? मग नियम केला, की ओळीपुढे नाव हवं, कुठल्या टप्प्याच्या आत उत्तर हवं ते हवं, आणि उत्तर आलंच नाही तर तोवर प्रणाली कशी वागेल तेही हवं. ही शेवटची अट सगळ्यात उपयोगी पडली. ‘तोवर कशी वागेल’ हे लिहायला बसलं की अर्ध्या शंका तिथल्या तिथे निर्णय होऊन पहिल्या रकान्यात जातात.

*

पान दिलं म्हणजे पोचलं असं नसतं, हे ‘वाचलं, समजलं’वाल्या सहीने शिकवलंच होतं. विमानतळाच्या नियंत्रण कक्षातून सूचना आली की वैमानिक ती ऐकून नुसतं ‘बरं’ म्हणत नाही, उलट म्हणून दाखवतो; आणि नियंत्रक ते म्हणणं कान देऊन ऐकतो, चुकलं तर तिथेच अडवतो. आम्ही तेच घेतलं, एक बदल करून. घेणाऱ्याने परत सांगायचं, पण देणाऱ्याचे शब्द वापरायचे नाहीत. ‘दर महिन्याला’ याला ‘हो, दर महिन्याला’ असं उत्तर आलं तर काहीच सिद्ध होत नाही. उदाहरण द्यायचं. ३१ जानेवारीला आलेल्या सदस्याचे पुढचे चार दिनांक सांग. तीस एप्रिलला आलेल्याचे सांग.

पंधरा मिनिटांत सांध्यातली हवा निघून जाते. एकदा तर डेव्हलपरने तारखा सांगितल्या आणि मी ठामपणे “बरोबर” म्हटलं. टेस्टर म्हणाली, “अहो, पण काल मला तुम्ही वेगळ्या सांगितल्या होत्या.” मी दोघांना दोन वेगळे ‘महिने’ दिले होते.

ही उदाहरणं मग आम्ही टाकून दिली नाहीत. तीच टेस्ट झाली. आता अशी उदाहरणं ‘अमुक असताना, तमुक केलं की, ढमुक व्हावं’ या साच्यात लिहून यंत्राकडून चालवून घेण्याची साधनं आहेत, कुकुंबर त्यातलं सर्वांना माहीत असलेलं. मला साधनापेक्षा त्यातली एक सोय मोलाची वाटते: तीन वेगळ्या चौकोनांतली माणसं एकच ओळ वाचतात, आणि तिचा अर्थ दर रात्री बिल्डबरोबर, म्हणजे नव्याने जुळवलेल्या सॉफ्टवेअरबरोबर, ताडून पाहिला जातो. त्या हरवलेल्या यानाच्या इंटरफेस डॉक्युमेंटला हे नशीब लाभलं नाही. अर्थात उदाहरण तेवढंच पकडतं जेवढं कुणाला तरी सुचलं. सुचलं नाही त्यासाठी तिसरा रकाना, आणि तिथेही सुचलं नाही तर ३१ जानेवारीचा कुणी सदस्य.

उलट्या दिशेच्या बाणाचं मात्र आमचं अजून नीट बसलेलं नाही. टेस्टरला रिक्वायरमेंटमध्येच भोक सापडलं तर ती काय करते? बग टाकते. बग आपोआप डेव्हलपरच्या नावावर जातो, कारण टूलमध्ये तशीच सोय आहे. डेव्हलपर बघतो, त्याच्या कोडमध्ये काही चुकलेलं नसतं, आणि तो ‘डिझाइनप्रमाणेच चालतं’ असा शेरा मारून बंद करतो. आमच्या धंद्यात यापेक्षा निर्दयी शेरा नाही. भोक जिथल्या तिथे, आणि सगळ्यांच्या खात्यात एक काम पूर्ण. भोक माझ्यापर्यंत यायला तिला जागेवरून उठून माझ्याकडे यावं लागतं. काहीजणी उठतात. प्रत्येक प्रकल्पात अशी एखादी असते म्हणून आमचं चालतं, असं मला कधी कधी वाटतं.

मध्यंतरी आम्ही ॲजाइल झालो, म्हणजे लांब टप्प्यांऐवजी छोट्या फेऱ्यांत काम करू लागलो. २००१च्या फेब्रुवारीत यूटामधल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि त्यांनी चार वाक्यांचा जाहीरनामा काढला, तेव्हा मी अजून शिकत होते. आमच्यापर्यंत ते पोचायला बराच काळ गेला. मला भाबडेपणाने वाटलं की आता टप्पेच नाहीत तर सांधे कुठले! प्रत्यक्षात सांधे लहान झाले आणि संख्येने वाढले. पूर्वी वर्षातून एकदा दुखायचं, आता प्रत्येक स्टोरी, म्हणजे कामाचा छोटा तुकडा, दोन आठवड्यांत चारही चौकोन ओलांडते. स्क्रम या ॲजाइल पद्धतीत ‘डेफिनिशन ऑफ डन’ आहे, म्हणजे बाहेर पडायच्या अटी. आत यायच्या अटींसाठी टीमनी आपापली ‘डेफिनिशन ऑफ रेडी’ काढली, ती स्क्रम गाइडमध्ये नाही. पुष्कळ ठिकाणी तिची पुन्हा बावीस प्रश्नांची यादी झालेली मी पाहिली आहे. टीम शेजारी शेजारी बसते आणि चूक दोन आठवड्यांत कळते, हा फायदा मात्र खरा, तो मी नाकारणार नाही.

गेल्या काही काळात कोड लिहायचं काम आम्ही यंत्राकडेही देतो. त्याला वाक्य द्यावं आणि त्याने कोड द्यावा, हाही एक बाणच. माणूस निदान कपाळाला आठ्या घालतो, “म्हणजे नक्की काय गं?” असं विचारतो. यंत्र बहुतेक वेळा विचारत नाही, रिकामी जागा दिसली की भरून टाकतं, आणि इतक्या सफाईने भरतं की तिथे जागा होती हे कळू नये. परवा गंमत म्हणून मी त्याला माझं जुनं वाक्य दिलं, ‘नोंदणीच्या तारखेपासून दर महिन्याला’. छान कोड आला. चाललाही. महिना कुठला ते त्याने ठरवून टाकलं होतं. मग मी तेच वाक्य पुन्हा दिलं आणि सांगितलं, कोड नको, तिसरा रकाना भर. तेव्हा त्याने पाच प्रश्न काढले. चार माझ्या ओळखीचे होते, ज्यांनी मला त्या बैठकीत घाम फोडला होता.

पाचवा नवा होता. वार्षिक सदस्यत्व २९ फेब्रुवारीला घेतलं तर पुढच्या वर्षी काय, आणि चार वर्षांनी काय?

मी तो चालू प्रकल्पाच्या पानावर लिहून टाकला. पुढे नाव प्रॉडक्ट ओनरचं, म्हणजे काय बांधायचं ते ठरवणाऱ्या माणसाचं. ‘तोवर कशी वागेल’ या जागी डिझाइनवालीने ‘२८ फेब्रुवारी’ लिहिलं, आणि टेस्टरने खाली पेन्सिलीने ‘की १ मार्च?’. २९ फेब्रुवारी २०२८ला मंगळवार येतो, ते मी बघून ठेवलं आहे. ओळ अजून तिसऱ्या रकान्यातच आहे.